नऊ नंबरचा तंबू

जंगलातला लॉज उघडायला अठरा दिवस उरले होते आणि बारा तंबूंपैकी आठच पाहुण्यांना दाखवण्यासारखे झाले होते. तंबू म्हणजे नुसतं कापड आणि खुंट्या नव्हेत. प्रत्येक तंबू लाकडी खांबांवर, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर बांधलेल्या फळ्यांच्या डेकवर उभा होता. आत दोन पलंग, लिहायचं टेबल, मागे विटांच्या पोकळ चौथऱ्यावर फळ्या टाकून केलेलं न्हाणीघर आणि पुढे खुर्च्या टाकून जनावरं बघत बसायला मोकळी जागा. तीन महिने लॉज बंद होता. तेवढ्या काळात उन्हानं छपरांचं कॅनव्हास विरलं होतं, शिवणी उसवल्या होत्या आणि वाळवीनं डेकच्या निम्म्या फळ्या आतून पोखरल्या होत्या.

हे सगळं नीट करायचं काम दोघांकडे होतं. लाकडाचं मिस्त्रींकडे आणि कापडाचं त्यांच्या सुनेकडे.

सासरा-सून एकत्र कामाला येतात याची लोकांना आधी गंमत वाटायची. मिस्त्रींचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर इलेक्ट्रिशियन होता आणि वर्षातले आठ महिने पाण्यावर असायचा. लग्नानंतर घरात बसून ती कंटाळली, तेव्हा मिस्त्रींनीच एका बंद पडलेल्या दुकानातून जाड सुईचं शिलाई मशीन उचलून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती. ट्रकच्या ताडपत्र्या, होड्यांची शिडं, गोदामांचे पडदे, काय काय तिनं शिवलं होतं. लॉजवर सगळे तिला शिवणवाली म्हणत.

शिवणवाली मुळात भित्री. हे ती स्वतःच सांगायची. घरात पाल दिसली तर ती चहाचा कप हातात धरून दुसऱ्या खोलीत जायची आणि पाल गेल्याची खात्री पटेपर्यंत कप रिकामा व्हायचा. जंगलातलं काम मिस्त्रींनी घेतलं ते तिला मुळीच नको होतं. पण मिस्त्रींना एकटं पाठवणं शक्य नव्हतं, आणि त्याचं कारण फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं. उजवा कान जवळजवळ गेलेला, आणि डाव्या कानात यंत्र घातलं तर समोरच्याचं बोलणं जेमतेम कळायचं. पण यंत्रात लाकडाचा भुसा जातो म्हणून काम सुरू करताना मिस्त्री ते काढून डबीत ठेवायचे. आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असा त्यांचा दंडक होता. बहिऱ्या सुताराला करवतीजवळ कोण उभं करणार, असं ते म्हणत. माणसाच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत, हसून मान हलवत, आणि उरलेलं सून सांभाळून घेई. कुणी मिस्त्रींना काही विचारलं की आधी तीच उत्तर द्यायची. लोकांना वाटायचं, सून जरा आगाऊच आहे.

पहिल्या दिवशी लॉजच्या गाइडनं दोघांना उभं करून नियम सांगितले होते. त्याच्या गळ्यात चोवीस तास दुर्बीण लटकलेली असायची, म्हणून त्याचं नावच दुर्बीण पडलं होतं. एकट्यानं कुठे जायचं नाही. माकडं खाकरल्यासारखी ओरडायला लागली किंवा पाखरांनी एकदम कलकलाट केला, तर हातातलं काम टाकून तंबूत शिरायचं आणि चेन लावून घ्यायची. तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर जवळच्या गाडीत बसायचं. इथे डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात, असं तो म्हणाला, आणि सगळ्यात आधी मिस्त्रींनी मान हलवली. शिवणवालीनं नजर जमिनीकडे वळवली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काम गेलं असतं.

दोघांत मिळून एक वॉकी-टॉकी दिला होता. तो मिस्त्रींनी आपल्या पट्ट्याला अडकवला, कारण कामाचे प्रमुख ते. तो तुमच्या काय उपयोगाचा, असं त्यांना विचारायचं तिच्या अनेकदा जिभेवर आलं, पण त्यांना ते लागलं असतं.

पाच नंबरच्या तंबूवर काम चालू असताना पलीकडच्या झाडावर माकडं ओरडली होती. तिनं सगळ्यांना तंबूत कोंबलं, चेन लावली आणि तासभर कुणाला हलू दिलं नाही. शेवटी गवतातून एक रानडुक्कर निघालं आणि शेपटी वर करून पळून गेलं. दुर्बीण हसला, लॉजच्या मॅनेजरबाई हसल्या, आणि मिस्त्रींनी तर ती गोष्ट पुढचे चार दिवस भेटेल त्याला सांगितली. तेव्हापासून ती जरा सांभाळून घाबरायला लागली होती.

नऊ नंबरचा तंबू सगळ्यात टोकाला, ओढ्याच्या वळणावर होता. तिथून दुसरा एकही तंबू दिसायचा नाही. सकाळी दुर्बीण त्यांना जीपमधून तिथे घेऊन आला, काठी घेऊन तंबूभोवती एक चक्कर मारली, डेकच्या पुढच्या बाजूनं वाकून खाली टॉर्च मारला आणि सगळं ठीक आहे म्हणाला. मग फाटकावर गाद्यांचा ट्रक आल्याचा निरोप आला. जीप इथेच ठेवतो, काही वाटलं तर आत बसून काचा लावून घ्या, असं सांगून तो चालत निघून गेला.

मिस्त्रींनी आदल्या दिवशी पलंगांच्या मधल्या भागात नव्या फळ्या टाकल्या होत्या. पण खालची एक तुळई बसकी वाटत होती, म्हणून त्या फळ्या त्यांनी टोकांनाच स्क्रू मारून तात्पुरत्या बसवल्या होत्या. आता तुळईखाली ठोकळा सरकवून तिला आधार द्यायचा होता. त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं, पेन्सिल कानामागे खोचली, कॅनव्हासचा एक जुना तुकडा घेतला, डेकच्या पुढच्या बाजूची जाळीची फळी काढली आणि त्या तुकड्यावर पाठ टेकून, सरपटत आत गेले. जाताना वाटेतल्या जुन्या, कुजक्या फळ्या त्यांनी बाजूला ढकलल्या. त्या पुन्हा घसरून त्यांच्या पायांमागे आडव्यातिडव्या पडल्या.

थोड्या वेळानं खालून गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. ऐकू येईनासं झाल्यापासून मिस्त्री काम करताना मोठ्यानं गुणगुणत असत. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे.

शिवणवाली वर न्हाणीघरात पडद्याचं माप घेत होती. ओढ्यापलीकडे माकडं ओरडत होती. ती थांबली, ऐकलं, आणि स्वतःला बजावलं की आता पुन्हा हसं करून घ्यायचं नाही. न्हाणीघरात घाण वास येत होता. उंदीर मेला असेल, असं वाटून ती वास कुठून येतोय ते शोधायला लागली. कोपऱ्यात जुना नळाचा पाइप काढल्यानंतर फळीत मुठीएवढं भोक राहिलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, नाकाला रुमाल लावला आणि एक डोळा भोकाला लावून खाली बघितलं.

आधी अंधारच दिसला. मग डोळा सरावल्यावर वाळका पाला दिसला आणि पाल्यावर काही तरी पिवळसर, ठिपक्याठिपक्यांचं. जुनं पांघरूण असावं असं तिला क्षणभर वाटलं. मग ते पांघरूण वर आलं आणि खाली गेलं. श्वास घेत होतं.

पांघरुणाला चिकटून दोन लहान करड्या पाठी होत्या. एक पिल्लू दूध पीत होतं. दुसरं झोपलं होतं. आणि बिबट्याची मादी डोकं जमिनीलगत ठेवून, चौथऱ्याच्या विटांआडून, ज्या बाजूनं गुणगुणणं येत होतं त्या बाजूला टक लावून बघत होती.

लॉज बंद असताना ती मागच्या मोडक्या जाळीतून आत शिरली असणार आणि तिथेच व्याली असणार. दुर्बिणीचा टॉर्च पुढून होता. विटांमागे तो पोचलाच नव्हता. मिस्त्री खाली जाऊन अर्धा तास तरी झाला होता. तेवढा वेळ ती तशीच दबून, हे माणूस कधी जातंय याची वाट बघत पडली होती.

ओरडायचं शिवणवालीच्या मनातही आलं नाही. ती गुडघ्यांवरच मागे मागे सरकत न्हाणीघरातून बाहेर आली. पुढे डेकच्या पायऱ्या होत्या. पायऱ्यांपासून वीस पावलांवर जीप. जीपला काचा होत्या. ती त्या जीपकडे बघत राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. खालून गुणगुणणं येत होतं.

मग तिनं चपला काढल्या.

हाक मारून उपयोग नव्हता, ठोकून उपयोग नव्हता. मिस्त्रींना कळेल एवढा आवाज केला तर तो आधी मादीला कळणार. ती मिस्त्रींच्या वरच्या फळ्यांवर पालथी झोपली. दोन फळ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी फट होती. फटीतून त्यांचा चष्मा दिसत होता, त्यावर भुशाचे कण. तिनं शेजारी पडलेली कॅनव्हासची एक पट्टी ओढली, मापाच्या खडूनं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पट्टी फटीतून सोडून त्यांच्या नाकासमोर लोंबकळत धरली.

हलू नका. आवाज नको. बिबट्या.

गुणगुणणं सुरूच राहिलं. एक ओळ, दुसरी ओळ. मग मिस्त्रींनी माशी हाकलावी तशी पट्टी बाजूला केली, आणि त्यावरची अक्षरं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. गुणगुणणं मध्येच तुटलं.

त्या शांततेनं ती आणखीच घाबरली. गुणगुणणं चालू होतं तोवर मादीला माणूस कुठे आहे ते कळत होतं. आता सगळं गप्प झालं होतं. पलीकडची माकडंसुद्धा.

मिस्त्रींचा हात कानामागे गेला. त्यांनी पेन्सिल काढली, पट्टीवर सावकाश काही लिहिलं आणि पट्टी हलवली. तिनं ती वर ओढली. मापं लिहावीत तशा सुबक अक्षरात लिहिलं होतं: कुठे? किती लांब?

तिनं खाली लिहिलं: डोक्यामागे. विटांच्या आड. दहा फूट. पिल्लं आहेत. फळ्या उघडते. पडून राहा.

एक माणूस वर यायला तीन फळ्या काढाव्या लागणार होत्या. टोकांना दोन-दोन, म्हणजे एका फळीचे चार. तीन फळ्यांचे बारा स्क्रू. ड्रिल मशीन हाताशी होतं, पण त्याच्या घरघरीनं काय होईल हे सांगायची गरज नव्हती. तिनं हत्यारांच्या पेटीतून साधा स्क्रूड्रायव्हर उचलला. पेटीचं झाकण करकरलं. ती थिजली. खालून काहीच आवाज आला नाही.

पहिला स्क्रू निघायला फार वेळ लागला. लाकूड नवं होतं आणि मिस्त्रींचा हात घट्ट होता. चौदा वर्षं ती त्यांच्या पक्क्या कामाचं कौतुक ऐकत आली होती; त्या दिवशी तिला वाटलं, कुठे तरी एक काम ढिलं केलं असतंत तर काय बिघडलं असतं. घामानं मूठ घसरायला लागली म्हणून तिनं स्क्रूड्रायव्हरला रुमाल गुंडाळला. निघालेला प्रत्येक स्क्रू ती गडगडू नये म्हणून तोंडात धरत होती. दुसरा. तिसरा. चौथा. मध्येच ती फटीतून बघायची. मिस्त्री डोळे उघडे ठेवून वर बघत होते. त्यांची छाती वर-खाली होत नव्हती असंच वाटायचं.

सातव्या स्क्रूला तिला वॉकी-टॉकी आठवला.

तो त्यांच्या पट्ट्यावर होता, चालू होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं. तोंडातले स्क्रू हातात ओतून तिनं पट्टी घेतली. खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं तिनं रेडिओ एवढंच लिहिलं होतं, तोच खाली खरखर झाली आणि मॅनेजरबाईंचा खणखणीत आवाज आला. पडद्यांच्या रिंगा पितळी लावायच्या की स्टीलच्या, असं त्या विचारत होत्या. एकदा विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं.

मिस्त्री वर तिच्याकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग खालून तो आवाज आला. मोठा नव्हता. जाड लाकडावरून करवत उलटी ओढावी तसा, लांबलेला, फळ्यांतून तिच्या पोटाला जाणवणारा. आणि तो मात्र मिस्त्रींना कळला. कानानं नाही, पाठीखालच्या जमिनीतून असेल. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. फटीतून तिला त्यांचा फक्त गाल दिसत होता.

आता हळू करण्यात अर्थ नव्हता. पाच स्क्रू बाकी होते. तिनं पेटीतली आखूड पहार उचलली, फळीच्या सुट्या टोकाखाली घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. फळी कडाडली. पहिली उडाली, दुसरी उडाली. तिसरी अर्धी मोडून लटकली. तिनं भोकातून दोन्ही हात खाली घातले आणि मिस्त्रींच्या काखांत घातले.

"उठा, बाबा," ती ओरडली. ऐकू येणार नाही हे माहीत असून ओरडली.

मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे, अंगानं भरलेले, आणि डावा गुडघा कामातून गेलेला. ते बसते झाले. डोकं आणि खांदे वर आले. तिनं पाय तुळईला लावून ओढलं. कंबर आली. वॉकी-टॉकी फळीच्या कडेला अडकून तुटला आणि खाली पडला. तेवढ्यात विटांकडून पाला उधळल्याचा आवाज झाला, आणि खाली लोंबणाऱ्या मिस्त्रींच्या डाव्या पायाला झटका बसला. तिनं आणखी एक हिसका दिला. दोघंही मागे पलंगावर आपटले.

ती उठली, सुटलेल्या फळ्या भोकावर टाकल्या आणि त्यांवर बसली. खालून एकदा जोराचा धक्का बसला. फळी तिच्या मांडीखाली उचलली गेली आणि परत बसली. ती दोन्ही हातांनी पलंगाचे पाय धरून बसून राहिली. दुसरा धक्का आला नाही.

मिस्त्रींच्या डाव्या पोटरीवर चार चिरा होत्या. पायजमा फाटला होता आणि रक्त बुटात उतरत होतं. ते पायाकडे न बघता तिच्याकडे बघत होते. फळीवरून न उठता तिनं डोक्याचा रुमाल सोडला, हात लांब करून त्यांच्या पोटरीवर आवळला आणि गाठ मारली. गाठ तीनदा सुटली. मग त्यांनी स्वतःच एक टोक धरलं.

पुढच्या बाजूला फक्त मच्छरजाळी होती. त्या जाळीतून दोघांनी बघितलं. मादी तंबूच्या बाजूनं उजेडात आली. तोंडात एक पिल्लू, मानेला धरलेलं, पाय लोंबत असलेलं. ती थांबली आणि वळून तंबूकडे बघितलं. मध्ये कापडाची एक पातळ जाळी होती. शिवणवालीनं अशा शेकडो जाळ्या शिवल्या होत्या. त्या डास अडवण्यापुरत्या असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मादी वळली आणि ओढ्याकाठच्या उंच गवतात नाहीशी झाली. काही वेळानं मोकळ्या तोंडानं परत आली. ती डेकखाली असताना दोघांनी एकमेकांचं मनगट धरून ठेवलं होतं. मग ती दुसरं पिल्लू घेऊन निघाली, आणि या वेळी तिनं वळून बघितलं नाही.

वॉकी-टॉकीवर उत्तर येत नाही म्हणून मॅनेजरबाईंनी दुर्बिणीला पाठवलं होतं. तो पोचला तेव्हा शिवणवाली अजून फळीवरच बसलेली होती. तिला उठवायला त्याला तिची बोटं एकेक करून पलंगाच्या पायावरून सोडवावी लागली.

दवाखान्यात मिस्त्रींच्या पायाला एकवीस टाके पडले. डॉक्टर विचारत होते, कुठल्या औषधाची ऍलर्जी आहे का, साखरेचा त्रास आहे का. मिस्त्री प्रत्येक प्रश्नाला हसून मान हलवत होते. यंत्राची डबी तंबूतच राहिली होती. पलंगाशेजारी दुर्बीण आणि मॅनेजरबाई उभ्या होत्या. शिवणवालीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि या वेळी तिनं सांभाळून घेतलं नाही.

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला माहीत होतं. तुम्ही नियम सांगितले त्या दिवशीही माहीत होतं."

मिस्त्रींनी तिचे ओठ वाचले. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

कुणीच तिला रागावलं नाही, याचं तिला जास्त वाईट वाटलं. दुर्बीण खाली मान घालून म्हणाला की विटांमागे बघायला हवं होतं ते त्यानं, आणि पुढचे कितीतरी दिवस तो प्रत्येक तंबूखाली चारही बाजूंनी पोटावर झोपून बघायचा. नऊ नंबर या हंगामात बंद राहील, असं मॅनेजरबाईंनी ठरवलं. मिस्त्री बरे झाले तर उरलेल्या तीन तंबूंचं लाकूडकाम त्यांनीच करावं, पण डेकच्या खाली त्यांनी पाय ठेवायचा नाही आणि यंत्र कानातच राहील, असंही त्यांनी सांगितलं. खाली दुसऱ्या कुणी तरी जायला हवं. इतक्या कमी दिवसांत दुसरा सुतार मिळणार नव्हता.

घरी आल्यावर मिस्त्री तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट पुढे केलं की जेवत, औषध दिलं की घेत. चौथ्या दिवशी ती त्यांच्या पायाची पट्टी बदलत असताना ते म्हणाले, "चार माणसांसमोर कशाला सांगितलंस?"

ती पट्टी गुंडाळत राहिली. मग मान वर केली, म्हणजे त्यांना ओठ दिसतील.

"तुम्ही खाली गुणगुणत होतात, बाबा. ती दहा फुटांवर तुमच्याकडे बघत होती आणि तुम्ही गुणगुणत होतात. ते मला ऐकू येत होतं. अजून येतं."

मग त्यांनी सांगितलं की चिठ्ठी वाचल्यावर त्यांना बिबट्याची तितकी भीती वाटली नव्हती. वाटलं होतं ते वेगळंच. फटीतून तिचा डोळा दिसेनासा झाला की त्यांना वाटायचं, गेली. गेली असती तरी त्यांनी कधी बोल लावला नसता.

"माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "जीप समोरच होती."

त्यांनी मान हलवली. या वेळी ती ऐकून हलवलेली होती, कारण त्यांनी यंत्र घातलं होतं.

आठवड्यानं दोघं परत कामावर गेले. दहा नंबरच्या तंबूखाली तुळयांचे बोल्ट आवळायचे होते. दुर्बिणीनं सगळीकडे टॉर्च मारला, काठी फिरवली, आणि पलीकडच्या बाजूला राखण करत उभा राहिला. खाली कोण जाणार, हे कुणी विचारलं नाही. शिवणवालीनं पाना घेतला, पाठीखाली कॅनव्हास घातलं आणि सरपटायला लागली.

आत थंड होतं आणि मातीचा वास येत होता. दोन हात आत गेल्यावर तिला पुढे जाता येईना. प्रत्येक विटेमागे काही तरी श्वास घेतंय असं वाटत होतं. तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा विटांमागे बघितलं, काही नव्हतं, तरी पुन्हा बघितलं. परत बाहेर यावं असं तिला वाटलं, आणि ती आलीही असती. तेवढ्यात वरून, बरोबर तिच्या तोंडावरच्या फळीवर, बोटानं दोनदा टकटक झालं. तिनं पान्यानं खालून दोनदा टकटक केलं. वर मिस्त्रींचे पाय एक पाऊल पुढे सरकले आणि थांबले.

ती त्यांच्यामागून तेवढीच पुढे सरकली आणि पहिला बोल्ट आवळायला घेतला.